टाळाच्या दोन वाट्या

कोजागरी झाली की आमच्या परंड्यात काकडा सुरू होतो. पहाटे उठून दारात उभं राहिलं की समोर काळोखच असतो, त्यात किल्ल्याच्या बुरुजांची आणखी काळी रेघ. देवळात मृदुंगावर पहिली थाप पडते, आणि थोड्या वेळाने मशिदीतून फजरची अजान येते. ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा याच गावात, आणि ‘वेदेश्वरी’ लिहिणाऱ्या हंसराजस्वामींचा मठही इथलाच. लहानपणी आईबरोबर गुरुवारी दर्ग्यात आणि आजीबरोबर एकादशीला देवळात जाताना मधे कुठली वेस लागते असं कधी वाटलं नाही. ती वेस बाविसाव्या वर्षी लागली, आणि ती माझ्या आतच होती.

त्या वर्षी घरात एक मरण झालं. त्यानंतर देवासमोर हात जोडले की मला शब्दच सुचेनात. दर्ग्याच्या आवारात मात्र, लोबानाच्या वासात, जमिनीवर डोकं टेकणाऱ्या माणसांकडे पाहताना छाती मोकळी व्हायची. घरी कुणी नसताना मीही एकदा तसं कपाळ फरशीला लावलं. थंडगार फरशी, आणि आत कुणीतरी ऐकतंय ही खात्री. मग उठले, आणि समोर कोनाड्यातला विठोबा दिसला. कमरेवर हात ठेवून तसाच उभा. त्याला पाठ केल्यासारखं वाटून मी रडले.

पुढची दोन वर्षं मी अशी काढली की कुणाला सांगता येऊ नये. हरिपाठ म्हणताना वाटायचं, आपण त्या एका, निराकार असलेल्याशी खोटं वागतोय. जमिनीवर डोकं टेकताना वाटायचं, आजीच्या गळ्यातली माळ आपण तोडतोय. चारचौघांत विषय निघाला की लोक सहज म्हणायचे, अगं, सगळे धर्म सारखेच. ते प्रेमानेच म्हणत, पण मला ते वाक्य कधी पुरलं नाही. एकीकडे देवाला आकार नाही, त्याच्या बरोबरीला कुणी नाही, हा पायाच आहे. दुसरीकडे तोच देव विटेवर उभा राहून लेकुरवाळा होतो. ज्याला दोन्ही मनापासून हवं आहे त्याला यातला फरक टोचतो. तो पुसून टाकला की टोचणी जाते, पण त्याबरोबर हवंसं वाटणंही जातं.

त्या दिवसांत मला आधार दिला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या दोनेक वर्षं आधी आगगाडीत भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला होता, तिथून ही वाट सुरू झाली. टिळकांचं पाऊल पडून गेलं. लक्ष्मीबाई मात्र मधेच राहिल्या. नवरा एकीकडे, देव आणि माहेर दुसरीकडे. चारेक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. आमच्या गावची दिंडी ज्या पंढरीला पायी जाते, तिथेच ही बाई जीव जाळत बसली होती, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढे त्या नगरला टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं-ओवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. एका छपराखाली राहूनही त्यांचं पाणी वेगळंच राहिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

मला ते वेगळं पाणी फार जवळचं वाटतं. कुणी म्हणेल तो हट्ट होता, कुणी म्हणेल तो जुना संस्कार. मला वाटतं, जे अजून पटलेलं नाही ते पटलं असं देवासमोर म्हणायचं नाही, एवढा तो खरेपणा होता. प्रार्थनेला याहून वेगळं काय लागतं?

आणि टिळकांचंही पाहा. ते पलीकडे गेले खरे, पण जाताना अभंग घेऊन गेले, कीर्तन घेऊन गेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, १९१९च्या मे महिन्यात ते गेले आणि काम अर्धंच राहिलं. बावीस वर्षं एका धर्मात राहिलेला माणूस शेवटी दार उघडं ठेवण्यासाठी धडपडतो, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आमच्या भागात याहून जुनं माणूस आहे ते श्रीगोंद्याचे शेख महंमद. ‘योगसंग्राम’ लिहिणारे, सतराव्या शतकातले. ते मुसलमानच राहिले आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून उराशी धरलं. त्यांनी दोन्हीकडच्या ढोंगावर कोरडे ओढले. म्हणजे मधे राहणं हे त्यांच्यासाठी दोघांना खूश ठेवणं नव्हतं. त्यांना आतून किती ओढाताण झाली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माझ्या ओढाताणीतला एक भाग मला फार उशिरा कळला. रात्री झोप उडायची ती देव कोणता या प्रश्नाने नव्हे. मी मेल्यावर मला कोण आंघोळ घालणार, जाळणार की पुरणार, आईला लोक काय बोलणार, याने उडायची. ती भीती खोटी नव्हती, पण ती माणसांची होती. आणि मी ती देवाच्या नावावर मांडत होते, जणू तोच दोन्हीकडून माझा हात ओढतोय. हे दिसल्यावर निर्णय झाला असं नाही. फक्त त्याच्याशी बोलताना माझा आवाज पुन्हा फुटला.

एकदा मी आजीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मला समजावलं नाही, की रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र नेहमीसारखीच हाक आली, “ऊठ की गं, काकड्याला उशीर व्हायलाय.” मी गेले.

आजीची एक सवय होती. काकडा चालू असताना अजान झाली की ती टाळाच्या दोन वाट्यांमध्ये बोट घालायची, एकीला दुसरी लागू नये म्हणून. तेवढा वेळ तिचे ओठ हलत असायचे, पण टाळ गप्प. मी तिला कारण विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दोरीने तिच्या बोटाला पडलेला वळ तेवढा आठवतो.

तो टाळ आता माझ्याकडे आहे. पितळ घासून कडा पातळ झाल्यात, दोरी मी दोनदा बदलली. आज देवळात जायला मला थोडा उशीर झाला आहे. बाहेर अजान सुरू झाली आहे, आणि माझं बोट वाट्यांच्या मधे आहे.