कपाटांतील परिग्रह

पातंजल योगसूत्रांत जे पांच यम सांगितले आहेत, त्यांत अपरिग्रह हा शेवटचा होय. व्याख्यानांत हा शब्द आपण आदरानें ऐकतों, आणि घरीं येऊन, कपडे ठेवावयास जागा पुरत नाहीं म्हणून आणखी एक कपाट आणण्याचा विचार करतों. यांतील विसंगति आपणांस बोंचत नाहीं, कारण परिग्रह म्हणजे धनिकाची तिजोरी, अशी आपली सोयीस्कर समजूत असते.

बौद्ध विनयांत या प्रश्नाचा विचार बारकाईनें झालेला आहे. भिक्षूचीं चीवरें तीन. अधिक वस्त्र लाभल्यास तें जवळ ठेवण्याची मुदत दहा दिवसांची. पुढें त्याचा त्याग करून दोष कबूल करावा लागे. लग्नकार्यें, सणवार व पावसाळा मागें असलेल्या गृहस्थास हा नियम जसाच्या तसा लावणें हास्यास्पद होईल. परंतु त्यांतील मुदतीचें तत्त्व त्यानेंही घेण्यासारखें आहे.

न वापरलेलें वस्त्र आपण ठेवतों तें बहुधा भयानें किंवा स्मृतीसाठीं. महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, कापडावर सरकारी नियंत्रण आलें. ती टंचाई सोसलेल्या पिढीला ‘पुढेंमागें लागेल’ हें म्हणणें शोभत होतें. शिवाय तिच्या घरांत जुन्या लुगड्याची गोधडी होई. आज तयार कपडा स्वस्त झाला. भय गेलें, संवय मात्र उरली. स्मृतीचा दावा अधिक बळकट खरा. आईची पैठणी देऊन टाका असें कोण म्हणेल? पण तीही वर्षानुवर्षें न उलगडल्यास घडीवरच विरते, हें जाणत्या गृहिणींस ठाऊक आहे.

दानाचेंही असेंच आहे. विटलेले कपडे बोहारणीला देऊन पातेलें घेण्यांत वावगें कांहींच नाहीं. तो सरळ व्यवहार आहे. परंतु धड सदरा दहा वर्षें अडकवून ठेवावा, आणि तो कुजकट झाल्यावर गरिबाच्या हातीं द्यावा, याला दान म्हणवत नाहीं. ज्या काळांत तो दुसऱ्याच्या अंगावर शोभला असता, तो काळ आपण कपाटांत कोंडून ठेवलेला असतो.

म्हणून दिवाळीपूर्वीं घर झाडतांना प्रत्येक वस्त्र हातीं घ्यावें, आणि ‘हें लागेल काय?’ असें न विचारतां ‘हें मी केव्हां नेसणार?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नास कल्पनेनें उत्तर देतां येतें. दुसऱ्यास दिवस सांगावा लागतो.