ठेवीचा घोडा

(वाचन : लूक 16:10-12, मार्क 11:1-7)



तमिळनाडूतील कुंभकोणमजवळ, कावेरीच्या खोऱ्यात, स्वामीमलै नावाचे गाव आहे. तेथील स्थपती आजही जुन्या रीतीने धातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची आकृती, तिच्यावर नदीच्या मऊ मातीचा लेप, मग आच देऊन मेण वाहून जाऊ द्यायचे आणि उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. त्या मुलखात हिंडताना आणखी एक दृश्य दिसते. गावांच्या शिवेवर अय्यनार या ग्रामरक्षकाचे मातीचे घोडे उभे असतात. कित्येक तर माणसाहूनही उंच. ऊन-पाऊस झेलीत ते वर्षानुवर्षे तसेच असतात. त्यांना चंदी लागत नाही, पाणी दाखवावे लागत नाही, रात्री कंदील घेऊन कोणाला त्यांच्यापाशी जावे लागत नाही.

जिवंत घोड्याचे तसे नाही. मोठ्या शहरांच्या कडेला लहान लहान तबेले असतात. तेथे रपेट शिकवितात, आणि ज्यांच्या घरी जागा नाही असे हौशी लोक दरमहा खर्च देऊन आपला घोडा तेथे ठेवतात. मालक येतो रविवारी, स्वच्छ कपड्यांत. तासभर फेरी मारतो, मानेवर थोपटतो आणि निघून जातो. उरलेले सहा दिवस मोतद्दाराचे. पहाटे उठून लीद काढणे, ठाण कोरडे करणे, खरारा करणे, एकेक पाय उचलून खुरात रुतलेला खडा काढणे, नाल ढिला झाला असल्यास नालबंदाला निरोप धाडणे. घोड्याचे पोट, एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने, लहान असते; त्याला थोडे थोडे आणि वेळच्या वेळी खावे लागते. शिवाय त्याला ओकता येत नाही. एका दिवशी कंटाळून दुप्पट दाणा एकदम टाकला, तर पोटशूळ उठून सकाळपर्यंत जनावर हातचे जाऊ शकते. म्हणून तेथे उत्साहापेक्षा नेम मोठा. आणि हे सारे कोणासाठी? जे जनावर आपले नाही, उद्या मालक म्हणेल तेव्हा दोर सोडून त्याच्या हाती द्यायचे आहे, त्याच्यासाठी.

आम्हा मराठी लोकांना हा भेद नवा नाही. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसे तो बारगीर. बारगिराच्या मांडीखालचा घोडा त्याचा नसे. तरी शिवाजी महाराजांनी पागेचा मान शिलेदारांहून वरचा ठेवला होता, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमला होता, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. (हा सभासदही आपली बखर लिहिण्यास बसला तो तमिळ देशातील जिंजीच्या किल्ल्यावर.) राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीस महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आजच उधळून टाकाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्याचा आशय. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताला आग लागेल, येथवर त्या राजाचे लक्ष पोहोचले आहे. राजाने उंदराची काळजी करावी! ज्याची वस्तू आहे तो असा बारकाईने पाहतो. आपण, ज्यांच्या हाती ती सोपविली आहे, किती पाहतो?

प्रभू येशूने लूकाच्या सोळाव्या अध्यायात हाच प्रश्न विचारला आहे : परक्याच्या वस्तूविषयी जो विश्वासू ठरला नाही, त्याला त्याची स्वतःची कोण देईल? आणि हे विचारणारा स्वतः कसा वागला ते पाहा. यरुशलेमेत तो शिरला तो मागून आणलेल्या शिंगरावर. नेणाऱ्यांनी काय सांगावे हे त्याने शिकवून ठेवले होते, आणि मार्काच्या वृत्तान्तात त्या निरोपाबरोबर, शिंगरू लवकरच परत पाठवू, हेही आले आहे. वधस्तंभ पाच दिवसांवर आला असता त्याच्या मनात परक्याच्या जनावराची परतफेड होती.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. मी पाळक असताना एका मंडळीतून माझी बदली ठरली. पत्र आल्यापासून जाईपर्यंत तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत मी आजाऱ्यांच्या भेटी कमी केल्या, नोंदवही अपुरी ठेवली, उपदेश जुनेच काढून वाचले. मनात एवढेच की, आता ही मंडळी दुसऱ्याची. जणू तोवर ती माझी होती! एक म्हातारी बाई त्याच दिवसांत वारली. तिने दोनदा निरोप पाठविला होता. रविवारच्या त्या हौशी मालकाला मी हसतो, पण मोतद्दार म्हणूनही मी टिकलो नाही.

म्हणून तंजावरची एक हकिकत मला पुनःपुन्हा आठवते. स्वामीमलैहून तंजावर फार दूर नाही. व्यंकोजीराजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य होते. 1787 साली तुळजाजीराजे मरणाच्या दारी असता त्यांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याचा हात ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाती द्यावयाचे योजिले. श्वार्ट्झ यांनी एकट्याने पालक होणे नाकारले. पण मुलगा चुलत्याच्या, अमरसिंगाच्या, हाताखाली कोंडल्यासारखा वाढू लागला तेव्हा ते गप्प बसले नाहीत. त्यांनी त्याच्या रक्षणासाठी आणि शिक्षणासाठी इंग्रज अधिकाऱ्यांकडे सतत खटपट केली. त्याला मद्रासेस हलविण्यात आले, आणि 1798 साली तो गादीवर बसला. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. त्याने आपला धर्म राखला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. घोड्यांची लक्षणे व चित्रे असलेला नकुलाचा अश्वशास्त्राचा ग्रंथ त्याच ग्रंथालयाने 1952 साली छापला आहे. काही जण विचारतात, मग श्वार्ट्झ यांच्या पदरी काय पडले? ठेव होती, ती धन्याकडे सुखरूप पोहोचली.

श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. सरफोजीने इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. त्यात म्हातारा पाळक अंथरुणावर पडला आहे, शाळेची मुले जवळ उभी आहेत, आणि मराठा राजाने त्याचा हात धरला आहे.