माझंच रक्त

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून जवळच माझ्या मित्राचं कापडाचं दुकान आहे. थोरल्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा अस्थिमज्जा यानेच दिली. पेशींवरच्या ओळखखुणा सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक; यांच्या जुळल्या, म्हणून घरात पेढे वाटले होते. प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांनी भावाच्या तळहातांवर पुरळ आलं, कातडी सोलायला लागली, जुलाब थांबेनात. दात्याच्या पेशी रुग्णाचं शरीर परकं समजून हल्ला करताहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"म्हणजे माझंच रक्त दादाला खातंय का रे?" मित्राने मला विचारलं.

भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये केलं. प्रत्यारोपणाचा ढोबळ हिशोब तेव्हा असा होता: जबर औषधं आणि किरणांनी कर्करोग मारायचा, त्यात मज्जाही मरते, ती दात्याकडून भरून घ्यायची. दान म्हणजे भरपाई. 1990 मध्ये मेरी होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा हिशोब अपुरा ठरला. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांत, किंवा दात्याच्या टी-पेशी आधीच गाळून टाकलेल्यांत, आजार जास्त वेळा उलटला होता. ज्यांना हल्ल्याचा त्रास झाला, त्यांच्यात कमी. म्हणजे कातडी सोलणाऱ्या पेशीच उरलेला कर्करोगही वेचून मारत होत्या. शंभर टक्के 'आपलं' रक्त कर्करोगालाही आपलंच मानतं.

मी हे सगळं मित्राला सांगितलं. वर म्हटलं, तू मज्जा दिलीस, हल्ला नाही दिलास. पेशी पुढे काय करतात त्याचा दोष तुझा नाही. त्याला ते पटलं नाही, आणि नंतर मलाही पटेना. आमच्या कामात कोडची बिघडलेली ओळ कुणी लिहिली ते एका आज्ञेत कळतं, त्या सवयीने मी बोललो होतो. दोष त्याचा नाही, तर आजार हटला त्याचं श्रेयही त्याचं नाही, असं म्हणावं लागेल. गंमत अशी की श्रेय त्याने केव्हाच डॉक्टरांना देऊन टाकलं होतं. दोष मात्र सोडत नव्हता. दानाचा चांगला भाग आपण नम्रपणे नाकारतो आणि वाईट भाग हट्टाने जवळ ठेवतो, यात प्रेम असेल, न्याय नाही.

स्टिरॉइडने हल्ला शमला. पुढे वर्षभराने तपासणीत आजाराचे अंश पुन्हा दिसले. डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली आणि मित्राला विचारलं, या वेळी नुसत्या लिम्फोसाइट पेशी द्याल का? पहिल्यांदा त्याने अजाणता दिलं होतं. आता हल्ला हवाच होता, तो फक्त कर्करोगापाशी थांबेल याची हमी कुणी देत नव्हतं.

त्याने दादाला विचारलं. दादा म्हणाला, "सोलली तर सोलू दे. तू ये."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं.