राखण आणि सोबत

दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की तुळजापूरची भवानी सिंहासन सोडून पलंगावर निजते. कोजागिरीपर्यंतच्या या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी झुंजून देवी थकली, तिला विसावा हवा, यात आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणालाही वावगे वाटत नाही. परंतु घरातला कर्ता माणूस मनाने थकला, तर त्याच्या वाट्याला प्रथम उपदेश येतो. उपदेशाने भागले नाही की पाळत, आणि तिनेही भागले नाही की बाहेरून लावलेली कडी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमच्याकडील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त केली. अशा प्रसंगी ‘झाले गेले विसरा’ असे आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्याने दुःखिताचे ओझे उतरत नाही. समोर दुःख पाहवत नाही म्हणून आपण आपलीच सुटका करून घेत असतो. मनोरुग्णाच्या शुश्रूषेचा पहिला धडा हाच, की ही सुटका स्वतःला नाकारायची.

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली रुग्णांच्या साखळ्या निघाल्या. त्याचे श्रेय पुष्कळदा डॉक्टर पिनेल यांना दिले जाते. वस्तुतः त्या काढल्या प्यूसें नावाच्या तेथील व्यवस्थापकाने. तो डॉक्टर नव्हता, पण रुग्णांच्या नित्य सहवासातला होता. पुढे १९५२ साली हिल्डगार्ड पेप्लॉ या अमेरिकन परिचारिकेने ग्रंथ लिहून मांडले, की परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हाच शुश्रूषेचा गाभा होय.

हे नाते सत्याची कसोटी पाहणारे आहे. ‘शेजारी माझ्या पाण्यात विष कालवतात’ असे रुग्ण सांगतो. होकार द्यावा तर खोटेपणा. वाद घालावा तर तो अधिकच एकटा पडतो. जाणती परिचारिका म्हणते, ‘मला तसे दिसत नाही; पण तुम्हांला फार भीती वाटत असेल. मी इथेच बसते.’ विष नसले तरी भीती खरी आहे, आणि त्या खऱ्यालाच तिने उत्तर दिलेले असते.

याहून अवघड प्रश्न बळाचा. जीव द्यायला निघालेल्याचा हात धरावा की नाही? धरावा, असेच कोणीही म्हणेल. पण किती वेळ, आणि कोणत्या अधिकाराने? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड सर्वस्वी निषिद्ध ठरवले. तात्पुरते जखडणेही, तत्काळ होणारा अपाय टाळायला दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि गरजेपुरतेच करता येते. शिक्षा म्हणून नाही. माणसे अपुरी आहेत एवढ्याच सबबीवरही नाही. या शेवटच्या अटीत मला साऱ्या प्रश्नाचे मर्म दिसते. राखण एका कडीने होते. सोबतीला माणूस लागतो. म्हणून ज्याने हात धरला त्यानेच उशाशी बसावे. बांधून निघून जाणाऱ्याचे बळ, हेतू कितीही चांगला असो, शुश्रूषा राहत नाही.

पण रुग्णालयाला घातलेली ही अट घराने कशी पाळावी? रोजंदारीवर जाणारी आई मुलाला कोंडून जाते, ती निर्दय असते म्हणून नव्हे. चूल पेटायला हवी आणि मुलाजवळ बसायला दुसरे कोणी नाही, म्हणून. त्या कडीचा दोष तिच्या एकटीच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु दिवसाचा एक तास त्या उंबरठ्याशी जाऊन बसायला आळीतला कोणी तयार नसेल, तर ती कडी आपण सर्वांनी मिळून लावलेली असते.

कोजागिरी म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असा प्रश्न. देवी त्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर जाते. तोवर तिच्या निजेला कोणी नावे ठेवत नाही, तिला घाईने उठवत नाही, आणि पलंगाजवळची सेवाही थांबत नाही. थकलेल्या माणसाला याहून वेगळे काय हवे असते?