राखणीचे मोल

'राखण' हा शब्द मराठीत जुना आहे आणि घरगुतीही आहे. शेताची राखण असते, आमराईची असते, खळ्यावर पडलेल्या धान्याची असते. कोकणात तर गावाच्या शिवेवरचा देवही राखणदारच म्हणवतो. या शब्दाच्या पोटात एक व्यवहार दडलेला आहे. जो राखण करी त्याचा राखलेल्या वस्तूत वाटा असे. जागल्याला सुगीत धान्य मिळे आणि शिवेवरच्या देवाचा नारळ-कोंबडाही चुकत नसे. ती ग्रामव्यवस्था अन्यायाने भरलेली होती; कोणी वाटा द्यावा आणि कोणी तो हात पसरून घ्यावा, हे तिने जन्मावरच ठरवून टाकले होते. तथापि राखण हे काम आहे आणि कामाला मोल असते, एवढे तिला ठाऊक होते.

अरण्याच्या राखणीबाबत आपल्या आधुनिक समाजाला मात्र याचा विसर पडलेला दिसतो. अरण्य अमोल आहे असे तो म्हणतो, आणि जे अमोल त्याच्या राखणीलाही मोल नसावे, असे जणू गृहीत धरतो. वन्यजीवांच्या रक्षणाचे, विशेषतः चोरट्या शिकारीला पायबंद घालण्याचे काम ज्यांना मनापासून करावयाचे आहे, त्यांना ते उपजीविका म्हणून मिळणे इतके दुष्कर का व्हावे? हा प्रश्न वरकरणी रोजगाराचा वाटतो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. ज्याला आपण पवित्र मानतो त्याच्याशी आपला व्यवहार कसा आहे, हे तो विचारतो.

आपल्या घोषणांत उणेपणा नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व आणि प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु जे प्रत्येकाचे कर्तव्य असते ते नेमके कोणाचे काम असते, याचे उत्तर त्या कलमांत नाही. २००५ साली राजस्थानातील सरिस्काच्या अरण्यात एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा या अनुत्तरित प्रश्नाची किंमत देशाला कळली. २००९ पर्यंत मध्य प्रदेशातील पन्नाची तीच गत झाली. पुढे चित्र पालटले. २००६ च्या गणनेत देशात सुमारे १४११ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या किमान ३१६७ भरली. या वाढीचे श्रेय धोरणाला द्यावे, विज्ञानाला द्यावे. पण ज्या पायांनी रोज अरण्य तुडवून फास शोधले, वीजप्रवाह सोडलेल्या तारा उचलल्या, पाणवठ्यांवर पहारा दिला, त्या पायांचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहितो?

अरण्याच्या दाराशी काम मागत उभ्या असलेल्यांत तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिला शिकलेला तरुण. १९८२ साली देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थान स्थापन झाले, पुढे विद्यापीठांतूनही हा विषय शिकविला जाऊ लागला. पदवी मिळते, पद मिळत नाही. वनसेवेची वाट स्पर्धापरीक्षेच्या अरुंद खिंडीतून जाते. उरतात काही महिन्यांचे प्रकल्प, जे निधी आटला की आटतात. मग 'आधी स्वयंसेवक म्हणून या' असे सांगितले जाते. स्वयंसेवा ही सुंदर गोष्ट आहे. परंतु घरून पैसे आणता येणाऱ्यालाच ती परवडते. विनावेतन कामाची अट ही न लिहिलेली वर्गवारी असते. ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते तो अरण्यप्रेमी म्हणून टिकतो, आणि ज्याला महिन्याच्या अखेरीस आईला मनीऑर्डर पाठवावी लागे त्या जातकुळीचा मुलगा बँकेच्या परीक्षेला बसतो. त्याचे प्रेम कमी होते असे आपण पुढे म्हणतो.

दुसरा माणूस दारातून आत गेलेला आहे, पण उंबऱ्यावरच बसला आहे. हा रोजंदारीवरचा वनमजूर, संरक्षण कुटीत राहणारा हंगामी पहारेकरी. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आले की त्याच्या कुटीचा जगाशी संबंध तुटतो. हातात काठी, पायांत साधी चप्पल, आणि समोर कधी श्वापद, कधी श्वापदाहून भयंकर माणूस. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदविणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या नियमित सेवेत होत्या. अशा प्रसंगी नियमित सेवकाच्या मागे निदान नियमांचा आधार असतो. त्याच पायवाटेवर सोबत चालणाऱ्या रोजंदाराच्या मागे बहुधा हजेरीपटावरची एक ओळ असते.

तिसरा माणूस दारापर्यंत येतच नाही, कारण त्याच्याच भयाने ते दार बंद केलेले आहे. हा पारधी, बहेलिया. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगलेला. १८७१ च्या कायद्याने पुढे अशा अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले; १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या नजरेतून नाही. १९७२ च्या अधिनियमाने शिकार हा गुन्हा झाला. तो व्हावयासच हवा होता. परंतु एका समूहाचा व्यवसाय एका दिवसात गुन्ह्यात जमा करताना त्याच्या हाती दुसरे कोणते काम द्यावयाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे कसब मात्र तसेच राहिले. ओल्या मातीतला ठसा किती वेळापूर्वीचा, वानराचा हाकारा नेमका कशासाठी, रानवाटेवरचे गवत कोणत्या अंगाने वाकले, हे ज्ञान विकत घेणारे गिऱ्हाईक जगात एकच उरले होते: कातड्यांचा आणि हाडांचा व्यापारी. २००५ साली पकडला गेलेला आणि २०१४ साली मरण पावलेला संसारचंद हा त्या व्यापाराचा कुख्यात प्रतिनिधी. खरा नफा अशांच्या हाती जाई. रानात उपाशीपोटी फास लावणाऱ्याला त्यातले कवडीमोल मिळे. इकडे आपल्या वनरक्षकभरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांची परीक्षा होते, धावण्याची आणि चालण्याची होते. रान वाचता येते का, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याच्या अंगावर झाडावरच्या बगळीने शिटले. त्याने रागाने वर पाहिले आणि बगळी मरून पडली. पुढे धर्म शिकण्यासाठी त्याला मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे जावे लागले. कथेचा परिचित अर्थ स्वकर्मनिष्ठेचा आहे, आणि जन्मप्राप्त व्यवसायाचे तिच्यातील समर्थन आज आपल्याला मान्य होणार नाही. पण तिच्यातला उपरोध अजून ताजा आहे. पक्ष्याचा जीव घेतला तो तपस्व्याने. व्याध मात्र स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्याचे मांस विकतो, हे महाभारतकार मुद्दाम सांगतात. पावित्र्य एका बाजूला आणि हिंसा दुसऱ्या बाजूला, अशी सोयीची वाटणी ही कथा नाकारते. आपणही दूर शहरात बसून धरणाला, खाणीला, रुंद रस्त्याला संमती देतो, आणि त्या एका दृष्टिक्षेपाने किती पक्षी पडतात ते पाहत नाही.

राखणदार आणि चोर हे दोन स्वभाव आहेत, ही समजूत इतिहासालाही टिकत नाही. पुणे प्रांतातील रामोशी गावांची राखण करीत, गडकोटांवर पहारे देत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, गडांवरची शिबंदी मोडली आणि त्यांची उपजीविका बुडाली. मग तीच माणसे बंडखोर ठरली. उमाजी नाईकांना फाशी झाली. पुढे त्याच समाजातील अनेकांना कंपनी सरकारने डोंगरी पोलिसांत भरती केले. माणसे तीच होती, त्यांच्या अंगची धिटाई तीच होती. त्यांना राखणदार म्हणावयाचे की दरोडेखोर, हे बव्हंशी त्यांच्या भाकरीची सोय कोण करतो यावर ठरत गेले.

अलीकडची उदाहरणेही हेच सांगतात. केरळातील पेरियारच्या अरण्यात रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्या आणि शिकारही करणाऱ्या मंडळींना नव्वदच्या दशकात पर्यावरणविकासाच्या योजनेत सामावून घेतले गेले. ते वाटाडे झाले आणि पहारेकरीही झाले. आसामातील मानसचे अभयारण्य अशांततेच्या काळात इतके उजाड झाले, की १९९२ साली त्याचे नाव धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत गेले. तेथे २००३ नंतर बोडो तरुणांनी पुढाकार घेऊन शिकार सोडलेल्या माणसांनाच राखणीला लावले; २०११ साली ते नाव यादीतून वगळले गेले. या यशाला कारणे अनेक आहेत. पण ज्याला चोरवाट ठाऊक त्याने ती अडविली, हे त्यांतले एक निश्चित आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की वेतन आले की निष्ठा जाते. अरण्यरक्षण हे व्रत आहे, त्याची चाकरी होऊ नये. मराठी वाचकाला याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्याच्या नोकरीत होते. वेतनाने त्यांची निष्ठा उणी झाली नाही. उलट त्या वेतनानेच त्यांना रानात राहता आले, आदिवासींच्या तोंडचे शब्द वेचता आले, आणि आपल्या भाषेला रान मिळाले. संन्याशालाही भिक्षेची झोळी लागते. 'व्रत' हा शब्द जो स्वतःसाठी वापरतो त्याला तो शोभतो. दुसऱ्याची मजुरी टाळण्यासाठी जो वापरतो त्याच्या तोंडी तो ढोंग होतो. आपल्या अरण्यसाहित्याचे वाचकही या ढोंगापासून सर्वस्वी अलिप्त नाहीत. चांदण्यातला पाणवठा आपल्याला आवडतो, त्या पाणवठ्यावर रात्र काढणाऱ्याचा पगार किती महिन्यांचा थकला आहे, हे वाचावयास आपण उत्सुक नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिकाऱ्याला काम दिले, तर ज्या गरिबाने कधीच फास लावला नाही त्याला आपण काय सांगणार? प्रामाणिकपणाचे बक्षीस उपेक्षा, असेच ना? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच राखणीचे काम हे शरणागतीचे इनाम असता कामा नये. अरण्याच्या कडेला राहणाऱ्या आणि त्याची झळ सोसणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर प्रथम हक्क मानला पाहिजे. रानडुकराने ज्याचे शेत उद्ध्वस्त केले, वाघाने ज्याचे गुरू नेले, त्याच्यासाठी वन्यजीव हा केवळ तोट्याचा धनी राहिला तर कोणताही कायदा त्या वन्यजीवाला फार काळ वाचवू शकणार नाही. महाराष्ट्रातील विशेष व्याघ्र संरक्षण दलात स्थानिक तरुण-तरुणी घेतले गेले, हे त्या दिशेचे एक पाऊल होते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपल्या रानातला बांबू स्वतः विकू लागले. हे त्याहून पुढचे पाऊल आहे, कारण तेथे राखणदार मजूर राहिला नाही, वाटेकरी झाला. जुन्या 'राखण' या शब्दातला वाटा तेथे परत आला, आणि तोही जन्माच्या उतरंडीशिवाय.

नोकरीने सर्व प्रश्न सुटतात असा माझा दावा नाही. गणवेश अंगावर आला की कालचा शेजारी आज सरपणाची मोळी अडवू लागतो, आणि सत्ता माणसाला अरण्याइतकीच चकवते. तरीही न्यायाचा आरंभ कोठून तरी व्हावा लागतो. एखादा समाज कशाला पवित्र मानतो हे त्याच्या स्तोत्रांवरून ओळखू नये. त्या पवित्र वस्तूच्या पहाऱ्यावर त्याने कोणाला उभे केले आहे, आणि त्या माणसाच्या घरी संध्याकाळी काय शिजते, यावरून ओळखावे.