आवाजाची गिटार आणि साथीदारांचा हक्क

मुंब्रा-कौसा असो वा कल्याण, चार मुलांना गीत रचण्यासाठी आज स्टुडिओ लागत नाही. एक मोबाइलवर ताल बसवतो, दुसरा शब्द लिहितो, तिसरा गातो आणि चौथा ठाण्यातल्या आपल्या घरी बसून सारे जुळवतो. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली ‘आफत’ हे रॅपगीत आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केले. तेव्हापासून ही वाट पुष्कळांची झाली.

पालक विचारतात, हे जायज आहे काय? नशीद करणाऱ्या मुलांकडे उत्तर तयार असते: ‘आम्ही वाद्य वापरलेच नाही, सगळा मानवी आवाज आहे.’ मात्र तो आवाज संगणकावर कापून, ताणून त्याची गिटार केलेली असते. माझ्या मते, ऐकणाऱ्याला ती गिटारच वाटत असेल, तर हुकूमही गिटारीचाच. दफ आणि निखळ कंठ यांत काय कमी आहे? ईदच्या दिवशी हजरत आयशा (र.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (र.) रागावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांनाच थांबवले.

आपल्या कोकणी घराण्यांच्या शाफई मसलकात गुराख्याच्या पाव्यावरही एकमत नाही. इमाम राफिईंनी तो जायज मानला, इमाम नववींनी हराम. इमाम गझालींनी समाअची चर्चा करताना काळ, स्थळ आणि साथीदार पाहायला सांगितले. यातला साथीदारांचा मुद्दा आपण विसरतोच.

एका मुलाने जुम्यानंतर मला विचारले, ‘चौघांनी केलेली नशीद एकाच्याच नावाने गेली. आता येणारा पैसा कोणाचा?’ त्या नशीदमध्ये एकही वाद्य नव्हते, तरी तिच्यात दुसऱ्याचा हक्क अडकला होता. फिक्हमध्ये शिरकतचे, म्हणजे भागीदारीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. नफ्याचा वाटा आधी ठरवावा लागतो. ‘विक्रीसाठी नाही’ या अटीवर इंटरनेटवरून घेतलेला ताल विकणे हा तर उघड करारभंग. घरात मात्र चौकशी होते ती फक्त वाद्याची.

सूरह बकराच्या सर्वांत दीर्घ आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची आज्ञा आहे. मुलांनीही ध्वनिमुद्रणाआधी कोणाचे शब्द, कोणाचा कंठ, कोणाचा किती वाटा, हे कागदावर लिहावे. साक्षीला वडिलांना बसवावे. त्या निमित्ताने ती नशीद घरात एकदा ऐकली तरी जाईल.