न टोचणारी सुई

दिवसातून चार वेळा मी इन्सुलिन टोचून घेतो, बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या खुर्चीतच, शर्ट जरा वर करून. पेनची सुई ४ मिलिमीटर लांब, ३२ गेजची, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही बारीक. टोकाला धार, वर सिलिकॉनचा लेप. अनेकदा टोचल्याचं कळतही नाही. १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. पुढे कित्येक वर्षं रुग्ण काचेची सिरिंज उकळत आणि बोथट झालेली सुई दगडावर घासत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टोचण्याचं काय कौतुक? आपल्याकडे सोसण्याला मान आहे. साताऱ्यात माझी आई एकच सुई आठवडाभर वापरते. "अजून चालतेय की!" तिच्या याच काटकसरीवर मी इथवर शिकलो. पण वापरलेल्या सुईचा लेप जातो, टोक बोथटतं. त्याच जागी टोचत राहिलं की कातडीखाली गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

म्हणजे हे सोसणं कुणाच्याच कामी येत नाही. मग त्याला सद्गुण का म्हणायचं? चार वेळा म्हणजे वर्षाला १,४६० वेळा. तेवढ्यांदा होणारी वेदना लहान नसते. ती कमी करण्यासाठी कुणीतरी डोकं चालवलं, यालाही मी करुणाच म्हणेन.

यंदा सामानात आईसाठी सुयांचे डबे आहेत. ती रागावेल, त्याचं काही नाही. ते डबे ती कपाटात जपून ठेवेल, याची भीती आहे.